मेंडेल साहेबांच्या आईची तारीख

पोलंडहून आल्यावर आमच्या बंगलोरच्या मराठी मंडळात मी दोनदा भाषण केलं. पडद्यावर चित्रं दाखवली: बर्फातली ट्राम, कारखान्याचं फाटक, चौकातली कबुतरं. लोकांनी विचारलं, थंडी किती असते, शाकाहारी माणसाने खायचं काय, बायका ट्राम चालवतात हे खरं का. सगळ्याची उत्तरं दिली. एका गावाचं चित्र मात्र मी कधीच दाखवलं नाही. त्या गावी मी जाऊन आलो हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आणि परत आल्यावर त्या गावाबद्दल एका म्हाताऱ्या माणसाशी मी जे खोटं बोललो, ते तर आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

ते आज लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, कारण त्या माणसाला मराठी येत नाही. एवढ्यावरूनच माझ्या धीराची कल्पना यावी.

कॅन्टोन्मेंट

आमच्या कारखान्याने यंत्रांच्या शिक्षणासाठी मला पोलंडला पाठवायचं ठरवलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्या देशाची थोडी भाषा यावी म्हणून चौकशी केली, तर कोणीतरी कॅन्टोन्मेंटातल्या मेंडेल साहेबांचं नाव सांगितलं. शिलाई मशीन आणि टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान. माणूस पोलंडचा, धर्माने यहुदी. लढाईच्या आधी इथल्या एका कापड गिरणीत यंत्रं बसवायला आलेला. लढाई पेटली, परतीची वाट बंद झाली, आणि लढाई संपली तेव्हा परत जावं असं तिकडे कोणी उरलं नव्हतं.

मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर संशय घेतला. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी निघण्यापूर्वी बजावलं होतं, "परक्या देशाच्या माणसाशी इथे कामापुरतंही बोलू नका. तिथे गेल्यावर तर कोणाशीच नको." म्हणून चामराजपेटेतल्या घरून निघाल्यावर मी सरळ बस घेत नसे. मार्केटला उतरायचो, थोडा वेळ फुलांच्या दुकानाशी रेंगाळायचो, मग दुसरी बस. दुकानात शिरलो की पाठ रस्त्याकडे. एकदा साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे काय बनतं?" मी इतका गप्प झालो की ते हसायला लागले.

"तुझी यंत्रं मला नकोत, अण्णा. माझ्या मशीनला सुई मिळाली की मी सुखी. स्वल्प तेल. बस्स."

त्यांची इंग्रजी तशी चांगली, पण इतक्या वर्षांत तिच्यात कन्नड शब्द असे मिसळले होते की त्यांचं त्यांनाही कळत नसे.

त्यांनी पुस्तक वापरलं नाही. शिकवलं ते सगळं आपल्या गावावरून. गावाची निम्मी वस्ती यहुद्यांची. घरात त्यांची वेगळी भाषा, बाजारात पोलिश. आपलं इथे कन्नड आणि मराठीचं चालतं तसंच. चौकात विहीर. विहिरीच्या डाव्या हाताला शिंप्यांची गल्ली, उजव्या हाताला बेकरी, मागे त्यांचं पोथ्या वाचायचं मोठं घर, कमानीच्या खिडक्यांचं. शनिवारी त्यांच्यात चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी दुपारी प्रत्येक घरची बाई शेंगा, बटाटे, मांस घातलेलं भांडं घेऊन बेकरीत जायची. बेकरीवाला सगळी भांडी भट्टीत सरकवायचा आणि दार मातीने लिंपून टाकायचा. मग एक माणूस लाकडी हातोडी घेऊन दारादारांवरून ठोकत फिरायचा: कामं बंद करा, दिवे लावा, दिवस बुडतोय. शनिवारी देवळातून येताना ज्याने त्याने आपलं भांडं न्यायचं.

"सगळी भांडी एकसारखी काळी," साहेब म्हणाले. "बायका चुकून दुसरीचं न्यायच्या, मग आठवडाभर भांडण. तुझ्या भांड्यात मीठ जास्त, तू मुद्दाम माझं नेलंस. माझ्या आईने कडीला लाल चिंधी बांधली होती. तिचं कधी चुकलं नाही."

आमच्या घरी आई सोवळ्यातली भांडी वेगळी ठेवायची. त्यांच्याकडे दुधाची आणि मांसाची वेगळी. हे मी सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला. "म्हणजे तू भांडी समजणारा माणूस आहेस," म्हणाले.

या शिकवणीचा परिणाम असा झाला, की रेल्वेचं तिकीट कसं मागायचं हे मला येत नव्हतं, पण 'बेकरीवाल्याने भट्टीचं दार लिंपलं का?' हे मी झोपेतही विचारू शकत होतो.

निघण्याच्या आधीच्या शिकवणीला त्यांनी दुकानाची फळी ओढून घेतली. मला वाटलं, आता खरं काम निघणार. पाकीट देणार, निरोप देणार.

"तुमच्यात आईवडिलांचा दिवस करतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तिथीला."

"आमच्यातही. आमचंही पंचांग चंद्राचं. अधिक महिनासुद्धा असतो आम्हाला. त्या दिवशी दिवा लावायचा आणि प्रार्थना म्हणायची. मुलगा असेल तर मुलाने." त्यांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला. "लढाईत गावातल्या सगळ्या यहुद्यांना एका दिवसात गाड्यांत भरून नेलं. माझी आई त्यात होती. उन्हाळा संपत आला होता एवढंच मला कळलं. दिवस कोणता, कोणी सांगत नाही. सांगणारं कोणी परत आलं नाही."

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची आपण सर्वपित्रीला करतो, असं मी म्हणालो.

"तसा एक दिवस आमच्यातही आता ठरवलाय म्हणे. सगळ्यांसाठी मिळून." ते जरा हसले. "पण माझी आई सगळ्यांत मिसळणारी बाई नव्हती. तिच्या भांड्यालासुद्धा चिंधी होती. तू फक्त एवढं कर. गावात जा. जे शेजारी उरलेत त्यांना विचार, तो दिवस कोणता. त्यांच्यासमोर नेलं. त्यांना माहीत असणार."

मी हो म्हणालो. हो म्हणतानाही मनात होतं, हा माणूस खरोखर एवढंच मागतोय का?

कारखान्याचं शहर

तिथे मला दुभाषा दिला होता. पान मारेक, 'पान' म्हणजे आपलं 'राव'. सडपातळ, करड्या रेनकोटातला. कँटीनमध्ये शेजारी, ट्राममध्ये मागे, माझ्या बिऱ्हाडाच्या दारात सकाळी हजर. माझी खात्री होती की हा रोज संध्याकाळी कुठेतरी माझा पाढा वाचतो.

जेवणाचे हाल झाले. लाल बिटाचं आंबट सूप मला आवडलं. वाढणाऱ्या बाईला मी विचारून घेतलं, यात मांस नाही ना? ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "अजिबात नाही. नुसती हाडं." त्यानंतर मी बटाटे, काकडी, आंबट साय आणि काळा पाव यांवर राहिलो. खारवलेली काकडी मात्र अशी, की आमच्या शेजारच्या अक्कांच्या लोणच्याची आठवण यावी.

पण पोलिश बोलायला लागलो की लोक हसायचे. परदेशी माणूस अडखळत बोलला की हसतात तसं ते हसणं नव्हतं. एक म्हातारा फोरमन माझं वाक्य तसंच्या तसं उचलून, खांदे उडवून, हात नाचवून म्हणायचा आणि बाकीचे खाली बघत हसायचे. एकदा एक बाई उठून निघून गेली.

मारेकने मला बाजूला घेतलं. "तुम्ही इंग्रजीतच बोला. पोलिश कुठे शिकलात?"

"पुस्तकातून."

त्याने सिगारेट पेटवली. "असं पुस्तक आता मिळत नाही," तो म्हणाला.

बिऱ्हाडावर जाऊन विचार केला तेव्हा उलगडलं. मी मेंडेल साहेबांकडून नुसते शब्द उचलले नव्हते. सूर उचलला होता, हेल उचलला होता. त्या देशात ज्या माणसांची नक्कल करून लोक हसतात आणि जी माणसं आता तिथे नाहीत, त्यांच्यासारखा मी बोलत होतो.

माझ्या परवानगीत फक्त ते शहर होतं. बाहेर जायचं तर मारेकला विचारायला हवं. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्ट्या बघायच्या आहेत, म्हणून त्या गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ. शनिवारी. खोलीची व्यवस्था मी करतो." इतक्या सहज? मला वाटलं, हा मला आणखी खोल पाण्यात नेतोय.

ते गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथे एक बाई आहे. ती अजून असेल तर तिला माझ्यामुळे त्रास नको.

बस शेतांमधून गेली. बटाटे काढून झाले होते, वाळलेले वेल पेटवले होते आणि धूर जमिनीलगत पसरला होता. रस्त्याकडेच्या झाडांखाली सफरचंदं पडलेली, कोणी उचलत नव्हतं. सुंदर होतं सगळं. मला ते नीट बघता आलं नाही, कारण मी मारेककडे बघत होतो आणि मारेक खिडकीबाहेर.

चौकात उतरलो आणि मी वाटाड्याशिवाय चालू लागलो. विहीर तिथेच. डावीकडे शिंप्यांची गल्ली तिथेच. कमानीच्या खिडक्यांचं घर तिथेच, आत खताची पोती. साहेबांनी दुकानाच्या फळीवर बोटाने काढलेलं गाव जसंच्या तसं उभं होतं. उद्या मी चामराजपेटेत परतावं, गल्ल्या, घरं, नळ, सगळं जागच्या जागी असावं, आणि दारादारांतून अनोळखी माणसांनी 'कोण पाहिजे?' म्हणून विचारावं, तसं वाटलं.

त्या खताच्या गोदामाचा मी फोटो काढला आणि लगेच शिपाई आला. माझा पासपोर्ट त्याने उलटा धरून मन लावून तपासला. मारेक त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि शिपाई गेला. काय बोललास, विचारलं, तर म्हणाला, "तुम्हाला भट्ट्यांचा नाद आहे असं सांगितलं."

बेकरी चालू होती. आता ती सहकारी झाली होती. आत पावासाठी रांग. ती भट्टी दिसली, काळं तोंड, लोखंडी दार, आणि मी मारेकची ताकीद विसरलो. पिठाने माखलेल्या बाईला मी माझं सगळ्यात पक्कं वाक्य विचारलं: "शुक्रवारी भट्टीचं दार मातीने लिंपतात का?"

रांग गप्प झाली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली. मागून कोणीतरी म्हणालं, "याला कोणी पाठवलं?"

साहेबांच्या घरापाशी पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे पोचली होती. दारात एक दणकट माणूस हाताची घडी घालून उभा. "घर नगरपालिकेने दिलंय," तो मारेकला म्हणाला. "कागद आहेत. सांगा त्याला." मी घर मागायला आलेलो नाही हे मारेकने सांगितलं. "मग कशाला आलाय? इतक्या लांबून? काळ्या माणसाला पाठवलं म्हणजे आम्हाला कळणार नाही?"

आतून एका म्हातारीचा आवाज आला, "आत येऊ दे त्यांना." ती त्याची आई, पानी हेलेना, 'पानी' म्हणजे बाई. तिने काचेच्या पेल्यात चहा दिला, आलुबुखारची वडी दिली. चुलीवर एक मोठं काळं भांडं होतं. मी त्याच्या कडीकडे बघत राहिलो. चिंधी नव्हती. पण चिंधी सोडवता येते. भांडी सगळी एकसारखीच असतात हे मला सांगितलेलं होतं, तरी मी चहा न पिताच पेला खाली ठेवला.

"बोला ना," म्हातारी म्हणाली. "मघाशी बेकरीत बोललात तसं."

मी मारेककडे बघितलं.

"बाजारात दिवसभर हेच ऐकू यायचं," ती म्हणाली. "भाव करताना, भांडताना, पोरांना हाका मारताना. एका दिवसात बंद झालं. नंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, मलाच ऐकू येत नाहीसं झालंय."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

तेव्हा मी विचारलं, पोलिशमध्येच, "तो दिवस कोणता होता?"

मुलगा ताडकन उठला. "बघितलंस? म्हणून आलाय हा!" खुर्ची पडली. मारेक उभा राहून त्याची समजूत घालू लागला. आम्ही जिन्यात आलो तेव्हा म्हातारीने माझी बाही धरली आणि पुटपुटली, "उद्या. चर्चमधली प्रार्थना संपल्यावर. एकटे या. मला सगळं आठवतं, दिवससुद्धा." वरून मुलाची हाक आली. मारेक दोन पायऱ्या खाली सिगारेट पेटवत होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

खोलीवर मी हिशेब मांडला. एकटे का? मुलाने तिला पढवलं असेल. शिपाई तिथे उभा असेल. मारेकचाच हा डाव असेल. सापडलो तर परवानगी नसलेल्या गावात, परक्या बाईशी, त्या विषयावर. सुरक्षा अधिकाऱ्यांचा चेहरा दिसला. चामराजपेटेतलं घर दिसलं, दोन मुली दिसल्या. मेंडेल साहेबांचा चेहरा मी दिसू दिला नाही.

सकाळी मारेकला म्हणालो, पोट बिघडलंय, पहिल्या बसने जाऊ.

"प्रार्थना संपेपर्यंत थांबता येईल," तो म्हणाला. "मी इथेच बसेन. तुम्ही जाऊन या."

म्हणजे त्याने ऐकलं होतं! "नको, नको," मी म्हणालो. त्याने अर्धी सिगारेट फेकून दिली. "जशी तुमची मर्जी."

बस सुटायला आणि चर्चची दारं उघडायला एकच गाठ पडली. पानी हेलेना सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. काळा रुमाल बांधलेला. कोणाशी न बोलता, म्हातारीला झेपेल त्याहून भराभर, ती आपल्या घराच्या दिशेने चालली होती. बस तिच्या अगदी जवळून गेली. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

मी तिथे असेपर्यंत माझं काही वाईट झालं नाही. परतल्यावरही कोणी काही विचारलं नाही. मारेक पाळत ठेवणारा होता, की माझ्यासाठी दार उघडून धरणारा होता, हे मला आजही माहीत नाही.

पुन्हा कॅन्टोन्मेंट

साहेब दुकानाबाहेर उभे होते. मी आलुबुखारच्या मुरंब्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती न बघता बाजूला ठेवली.

"मिळालं?"

नाही म्हणता आलं असतं. कोणी सांगितलं नाही, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मान्यही केलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, कोणाकोणाला विचारलंस? आणि मला ती बस सांगावी लागली असती.

"मिळालं," मी म्हणालो, आणि तोंडाला आली ती तारीख सांगितली. ती माझ्या आईच्या मृत्यूची तारीख होती. ती श्रावणातली; तिकडचा उन्हाळा त्याच सुमारास संपतो, म्हणून चपखल बसली.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या घरात एक म्हातारी आहे."

"सकाळी नेलं की सूर्य बुडाल्यावर? आमचा दिवस संध्याकाळी बदलतो."

"सकाळी," मी म्हणालो. माझी आई सकाळी गेली.

"सरी," ते म्हणाले, कन्नडमधलं 'बरं'. "सरी, सरी." बोटांची पेरं मोजत त्यांनी आपल्या पंचांगातला दिवस काढला आणि मग फळीला धरून खाली बसले. थोड्या वेळाने विचारलं, "तू बोललास त्यांच्याशी? मी शिकवलं तसं?"

"बोललो. रांग गप्प झाली."

हे एवढंच मी खरं सांगितलं. ऐकून ते रडले.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ते मला बोलावतात. "तू आणलास हा दिवस, तू पाहिजेस." दुकानाच्या मागच्या खोलीत काचेच्या पेल्यात दिवा लावतात, डोक्यावर टोपी घालून प्रार्थना म्हणतात. मी शेजारी हात जोडून उभा असतो. घरी आईचं श्राद्ध आपल्या तिथीला होतं, इथे त्यांच्या तिथीला. दोन्ही पंचांगं चंद्राची. कधी एक दिवस पुढे, कधी महिनाभर मागे. बायको विचारते, "अहो, आज ऑफिसातून उशीर?" मी काम होतं म्हणतो.

गेल्या खेपेला दिवा लावून झाल्यावर साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी आई कोणत्या महिन्यात गेली रे, अण्णा?"

"माघात," मी म्हणालो. "थंडीत."

त्यांनी मान हलवली. दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून पेला भिंतीकडे सरकवला. मला चहा दिला. नेहमीसारखाच दिला. पण तेव्हापासून मला चैन नाही. त्यांनी असं का विचारलं? सहज? की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कुठलाच दिवस नसण्यापेक्षा माझ्या आईचा दिवस बरा म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला? आयुष्यभर मी इतरांच्या मनात काय आहे याचा संशय घेत आलो. या एका माणसाच्या मनात काय आहे ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे, आणि विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

पानी हेलेनाला मी पत्र टाकलेलं नाही. टाकलं तर कोणीतरी उघडेल, असं स्वतःला सांगतो. ती तेव्हाच म्हातारी होती.

मेंडेल साहेबांचं वय झालंय. हात कापतो, सुईत दोरा आता दुसऱ्याला ओवून द्यावा लागतो. त्यांच्या आईचा खरा दिवस मी त्यांना देणं लागतो. तो मला मिळाला नाही, तर मी दिलेला दिवस खोटा होता हे त्यांना त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांनी शिकवलेल्या भाषेत सांगणं लागतो. अजून मी दोन्हीपैकी काहीही दिलेलं नाही.